काळा, पांढरा आणि आबांचा टॉवेल

"आत गेल्यावर काय करायचं, सांग बघू," आबा दुकानाच्या पायरीवर थांबून म्हणाले.

"तोंड मिटून उभं राहायचं."

"आन तोंड उघडायची पाळीच आली तर?"

"जे पाहिजे त्याला नावं ठेवायची. जे नको त्याचं कौतुक करायचं."

"आन डोळं?"

"डोळे खाली."

"हां. तुझ्या त्या डोळ्यांचाच मला घोर लागलाय, मयरे. नुसतं पेटल्यात. शेठनं बघितलं की हजार रुपयं वाढवूनच सांगंल."

आता पेटणार नाहीत तर काय! आदल्या दिवशी माझा दहावीचा निकाल लागला होता आणि आबांनी वर्षापूर्वी दिलेला शब्द आज वसूल व्हायचा होता. कोल्हापुरातल्या त्या दुकानाच्या काचेतून मला ती दोन यंत्रं शेजारी शेजारी मांडलेली दिसत होती. टीव्हीला जोडून गेम खेळायची यंत्रं. एक काळं, एक पांढरं. त्यांना कंपन्यांची नावं होती, पण आमच्या शाळेत ती कुणी घेत नसे. 'काळा' आणि 'पांढरा' म्हटलं की सगळ्यांना कळायचं. शाळेत सरळ दोन तट पडले होते, काळेवाले आणि पांढरेवाले, आणि गंमत म्हणजे दोन्ही तटांतल्या बहुतेकांच्या घरी दोन्हींपैकी काहीच नव्हतं.

मी पांढरेवाली. माझी मैत्रीण श्रद्धा हिच्या घरी पांढरा होता. तिच्याकडे जाऊन मी गाड्यांच्या शर्यतीचा गेम खेळायचे आणि तिला हरवायचे. हरली की ती पाणी प्यायला म्हणून उठायची, ती परत यायचीच नाही. जिंकायचं आणि वर तिची मर्जीही सांभाळायची, हे काही मला जमेना. मला माझा स्वतःचा पांढरा हवा होता. इतका हवा होता, की गणिताच्या पेपराच्या आदल्या रात्री बीजगणिताच्या ऐवजी तोच स्वप्नात आला.

आबा म्हणजे माझे आजोबा, दत्तू चौगुले. वडगावच्या सोमवारच्या बाजारात ते म्हशींची दलाली करायचे. विकणारा एकीकडे, घेणारा दुसरीकडे आणि मध्ये उभं राहून सौदा जुळवणारे आबा. आसपासच्या सगळ्या गावांत त्यांच्या शब्दाला मान होता. मला यंत्र घेऊन द्यायचं त्यांनी कबूल केलं होतं, पण एका अटीवर.

"एकदाच पैसं घालणार. त्याच्या मागनं त्या डबड्यापायी माझ्याकडं एक पैसा मागायचा न्हाई. मागितलास की त्याच दिवशी इकून मोकळा होणार."

हे ते उगीच बोलत नव्हते. आमच्या घरची एक म्हैस आटली आणि महिनोन्‌महिने नुसती वैरण खाऊ लागली, तेव्हा आईच्या डोळ्यांत पाणी असतानाही आबांनी त्या म्हशीला दावं लावून बाजारात नेलं होतं. त्यामुळे मी जे काही घेईन ते पुढे एकही पैसा न मागता जगलं पाहिजे, नाहीतर ते जाणार, हे मला पक्कं ठाऊक होतं. तरी वर्षभर मी याचा विचार केला नाही. मला पांढरा हवा होता, बस्स.

आम्ही आत गेलो. गल्ल्यावर चाळिशीचे एक गोरेगोमटे गृहस्थ बसले होते. आबांना बघताच ते खुर्चीवरून उठले.

"या, या! दत्तूआबा ना तुम्ही? ओळखलं न्हाईसा. मी महावीर. पारीसाअण्णा खोतांचा."

"पारीसाचा ल्योक व्हय रं तू!" आबा म्हणाले. "तुझ्या बाला दोन मुऱ्हा म्हशी मीच दिल्यात की. एक त्यातली शिंगमोडी होती."

"तिचंच दूध पिऊन बी.कॉम. झालो, आबा. काय घेणार? चहा सांगू?"

मला वाटलं, ओळख निघाली, आता भाव धाडकन खाली येणार. आबांचा चेहरा मात्र जरा उतरला. चहा प्यायलेल्या दुकानात घासाघीस करता येत नाही, असं त्यांचं मत होतं. म्हणून त्यांनी चहा नको म्हटलं आणि माझ्याकडे बोट केलं. "नात धाव्वी पास झाली. तिला त्यो खेळायचा डबा पायजे."

महावीरकाकांनी दोन्ही यंत्रं काउंटरवर आणून ठेवली. मी हाताला चिमटा काढून धरला होता. पांढरा माझ्यापासून वीतभर अंतरावर होता. त्याच्या नव्या कोऱ्या प्लॅस्टिकचा वास येत होता आणि मला तो उचलून छातीशी धरावासा वाटत होता. मी डोळे खाली केले आणि शिकवल्याप्रमाणे बोलले.

"हा पांढरा फारच साधा दिसतोय, काका. काळा मात्र काय ऐटबाज आहे!"

आबांच्या मिशा किंचित हलल्या. निरोप पोचला होता. पांढरा घ्यायचा.

त्यांनी आपल्या पद्धतीने चौकशी सुरू केली. जनावर बघताना ते करायचे तेच. पांढऱ्याला चारी बाजूंनी फिरून बघितलं, पालथा करून बघितला, पाठीवर थाप मारली. मग काळ्याला नुसतं लांबून बघितलं. मग विचारलं, "खातंय काय?"

"काय म्हणालासा, आबा?"

"आरं, घरी नेल्यावर रोज काय घालायचं ह्याला? म्हशीला वैरण लागती, पेंड लागती, सरकी लागती. म्हैस घेताना किती दिलं ह्याच्यापेक्षा ती खाणार किती, ह्ये आधी बघाय लागतंय. ह्यास्नी काय लागतं?"

महावीरकाका एकदम खूश झाले. एवढी वर्षं दुकान चालवतोय, पण हा प्रश्न आजवर एका गिऱ्हाइकाने विचारला नाही, असं म्हणत त्यांनी बाह्या सरसावल्या. "पांढरा सतरा हजार. काळा बावीस हजार. सगळे एवढंच विचारतात आणि पांढरा घेऊन जातात. आता खाण्याचं ऐका. पांढऱ्याच्या रिमोटला दोन सेल लागतात. पोरगी रोज खेळली तर पंधरा दिवसांत संपले. काळ्याचा रिमोट मोबाइलसारखा वायरीनं चार्ज होतो, त्याला सेल नाहीतच."

"बरं. आन?"

"गेमच्या सीड्या. नवी सीडी दोन्हींची महागच, दोन हजाराच्या पुढं. पण काळ्याच्या जुन्या सीड्या माझ्याकडे ढिगानं येतात. खेळून झालेली सीडी आणून द्यायची, वर शंभर रुपये ठेवायचे, दुसरी न्यायची. पांढऱ्याच्या जुन्या सीड्या माझ्याकडे येतच नाहीत. कोल्हापुरात दुसरीकडंही कुठं मिळतील असं वाटत नाही. आणि पुढं-मागं गावात इंटरनेट आलं, बाहेरच्या पोरांशी खेळायचं ठरलं, तर पांढऱ्याला वर्षाची वर्गणी आहे. काळ्याला नाही."

मी डोळे खाली करूनच ऐकत होते, पण आता मला डोळे वर करायचे नव्हतेच. पंधरा दिवसांनी सेल. प्रत्येक गेमला दोन हजार. वर्षाला वर्गणी. डब्याबरोबर येणारा एकच गेम मी आठवडाभरात संपवला असता, आणि मग? मग आबांसमोर हात पसरायचा. आणि ज्या दिवशी हात पसरला त्या दिवशी माझा पांढरा एस.टी.त बसून परत विकायला निघाला. वर्षभर ज्याचे गोडवे गायले तो आमच्या घरात महिनाभरसुद्धा टिकणार नव्हता.

आणि काळा? पाच हजार जास्त. पण एकदा घेतला की वायर भिंतीत खोचायची आणि शंभर रुपयांत नवा गेम. शंभर रुपये तर मला भाऊबीजेला मामाकडूनच मिळायचे.

"धार काढून दाव," आबा म्हणाले.

आता महावीरकाकांना सगळं समजायला लागलं होतं. त्यांनी दोन टीव्हींना दोन्ही यंत्रं जोडली. पांढऱ्यावर तोच शर्यतीचा गेम होता, श्रद्धाकडचा. मी रिमोट हातात घेतला आणि सगळं विसरले. पहिल्याच वळणावर मी तीन गाड्या मागे टाकल्या. चौथी आडवी आली तेव्हा मी इतकी ओरडले, की फ्रिज बघायला आलेलं एक जोडपं फ्रिज सोडून माझ्या मागे येऊन उभं राहिलं. पहिला नंबर!

मग काळा. त्याचा रिमोट हलका होता. गेम शर्यतीचाच, पण मी आधी कधी न खेळलेला. डोंगरातला रस्ता, एका बाजूला दरी. पहिल्या फेरीत मी दोनदा दरीत गेले. दुसऱ्या फेरीत एकदा. तिसऱ्या फेरीत मला वळणं कळली आणि मग काय विचारता! ती गाडी मी नुसत्या अंगठ्याने असं वळवत होते, की मागचं जोडपं "उजवीकडं, उजवीकडं!" म्हणून ओरडायला लागलं. शेवटच्या वळणावर पुढच्याला आतून घासून मी रेघ ओलांडली आणि त्या बाईंनी चक्क टाळ्या वाजवल्या. मी मागे वळून बघितलं तर आबासुद्धा अंग वळवून उभे होते, जणू गाडी त्यांनाच वळवायची होती.

त्या क्षणी ठरलं. मला काळा पाहिजे. दुसरं काही नाही, काळाच.

पण आबांना हे सांगायचं कसं? सरळ बोलायची सोय नव्हती. मग मला सुचलं, की नियम तोच, फक्त उलटा लावायचा. मी काळ्याचा रिमोट खाली ठेवला आणि नाक मुरडलं.

"हा काळा काही खरा नाही. जड आहे, महाग आहे, आवाज पण करतो."

आबांनी माझ्याकडे बघितलं. त्यांच्या कपाळावर एक आठी आली. आधी पांढऱ्याला नावं ठेवली, आता काळ्याला. त्यांना वाटलं, पोरगी उगीच जास्तीची नाटकं करतेय. मला त्यांची शंका दिसली, म्हणून मी आणखी जोर लावला.

"पांढराच छान आहे, आबा. मला पांढराच आवडला."

घात झाला तो इथे. नियमाप्रमाणे याचा अर्थ होता, पांढरा नको. पण आबांनी चाळीस वर्षं बाजार बघितला होता. नव्या गिऱ्हाइकाच्या तोंडून ऐन वेळी मनातलं निसटतं, हे त्यांनी हजारदा पाहिलं होतं. सेल, सीड्या, वर्गणी ह्यांचा हिशोब त्यांच्या नीट ध्यानात आला नव्हता, माझ्या मनात काय आहे एवढंच ते बघत होते. त्यांना वाटलं, पोरीचा धीर सुटला, खरं बोलून गेली, आता शेठ पांढऱ्याचा भाव वाढवणार. तो वाढवायच्या आत सौदा उरकला पाहिजे.

त्यांनी खांद्यावरचा टॉवेल काढला.

"महावीर, हात आण. पांढऱ्याचा बोलू."

"आबा, टॉवेलाखाली?" महावीरकाकांचं तोंड लहान मुलासारखं फुललं. "अण्णांच्या बरोबर बाजारात यायचो तेव्हा बघितलंय. माझ्या हाताला कधी योग आला नाही!"

आमच्या बाजारात भाव तोंडाने बोलत नाहीत. दोघांच्या हातांवर टॉवेल टाकतात आणि आत बोटं धरून भाव सांगतात. एक बोट म्हणजे एक, पूर्ण पंजा म्हणजे पाच. वरून फक्त "हे दहा हजार", "हे हजार", "हे शंभर" एवढंच म्हणायचं. बघणाऱ्यांना आकडा कळत नाही. आणि हात एकदा टॉवेलाखाली गेले की तिसऱ्याने तोंड उघडायचं नाही, हा तिथला सगळ्यात मोठा नियम. तिसरा बोलला तर दलालाची अब्रू गेली. म्हणतात, ह्याच्या घरचीच माणसं ह्याच्या सौद्यात तोंड घालतात.

"हे दहा हजार. आन हे हजार," आबा म्हणाले.

महावीरकाकांनी मान हलवली. टॉवेल हलला.

"हे हजार," महावीरकाका म्हणाले.

आता आबांनी मान हलवली. फ्रिजवालं जोडपं श्वास रोखून बघत होतं. माझ्या घशाशी शब्द आले होते, आबा, पांढरा नको, काळा! पण मी दातांनी ओठ दाबून धरला. आबांना चारचौघांत खाली बघायला लावायची माझी छाती नव्हती.

"आन हे शंभर."

महावीरकाका थांबले. विचारात पडले. हसले. आता ते "दिलं" म्हणणार होते. 'दिलं' हा शब्द एकदा बाहेर पडला की सौदा संपला, मग ब्रह्मदेव आला तरी तो मोडत नाही.

बाजारात बायका-मुलींना कुणी नेत नसे, पण टॉवेलाखालच्या सगळ्या खुणा मला येत होत्या. संध्याकाळी दावणीजवळ बसून आबांनीच गंमत म्हणून त्या मला शिकवल्या होत्या. त्यात आकड्यांपलीकडची एक खूण होती. दोन दलाल भागीत सौदा करत असले आणि एकाला ऐन वेळी जनावरात खोट दिसली, तर त्याने टॉवेलाखाली हात घालून आपल्या जोडीदाराच्या तळव्याला नखाने खाजवायचं. दोनदा. म्हणजे, माघार घे.

मी विचार केलाच नाही. वाकले, टॉवेलाखाली हात घातला, आबांचा खरखरीत तळवा शोधला आणि दोनदा खाजवलं.

"आबा," महावीरकाका दचकून म्हणाले, "हा तिसरा हात कुणाचा?"

फ्रिजवाल्या बाई फिस्सकन हसल्या. आबा हसले नाहीत. त्यांनी मान वळवून माझ्याकडे बघितलं. मी डोळे खाली केले नाहीत. कितीतरी वेळ आम्ही तसेच, एका टॉवेलाखाली तीन हात. दत्तू चौगुल्यांनी धरलेला हात कधी सोडला नव्हता. बाजारात लोक पैजा लावायचे, आबांनी हात धरला की सौदा झालाच म्हणून. आता ते माझ्या मुस्काटात मारणार अशीच माझी खात्री झाली.

"सौदा थांबला," आबा म्हणाले आणि त्यांनी हात बाहेर काढला.

महावीरकाकांचा चेहरा पडला. "आबा, तुम्ही हात सोडला? माझं काही चुकलं का? उद्या हे बाजारात कळलं तर..."

"कळू दे. माझ्या जोडीदारानं खूण केली, ह्ये बी सांग बाजारात." मग माझ्याकडे वळून एकच शब्द. "खोट?"

मी त्यांना सगळं सांगितलं. एका दमात, थुंकी गिळायचीही उसंत न घेता. सेल. दोन हजारांच्या सीड्या. वर्षाची वर्गणी. "आबा, हा पांढरा सतरा हजाराचा नाही. हा खात बसणारा आहे. दिवाळीपर्यंत मी तुमच्याकडे चारदा पैसे मागणार आणि तुम्ही ह्याला विकणार. काळा आज पाच हजार जास्त घेतो, पण त्यानंतर तो काही मागत नाही. मला जन्मभर पुरेल असा पाहिजे, आबा. मला काळा पाहिजे."

आबा ऐकत होते. माझं असं कधी कुणी ऐकलं नव्हतं. घरात मी बोलायला लागले की तेही "बास कर" म्हणायचे. आता त्यांनी मान खाली घालून, डोळे मिटून, म्हशीच्या मालकाचं ऐकावं तसं माझं ऐकलं. मग पुन्हा पांढऱ्याकडे बघितलं, काळ्याकडे बघितलं आणि महावीरकाकांना विचारलं, "खरं बोलती का?"

"एक अक्षर चुकलेलं नाही," महावीरकाका म्हणाले. "मीच सगळं सांगितलं होतं की मघाशी. पण मीसुद्धा असा हिशोब जोडला नव्हता."

आबांनी टॉवेल झटकला आणि माझ्या हातात दिला.

"मग आता काळ्याचा तू बोल."

"मी?"

"खोट तुला दिसली. माझा हात एकदा सुटलाय, आता पुन्हा त्याच दुकानात घालणार न्हाई. तुझा घाल."

महावीरकाका संकोचले. "आबा, पोरीशी कसं..."

"पोरीचा हात न्हाई त्यो. दलालाचा हाय."

मी टॉवेल टाकला. "काका, हात द्या." त्यांनी दिला. त्यांच्या हाताला घाम आला होता, माझ्याही हाताला आला होता. मी त्यांची दोन बोटं धरली आणि जमेल तितक्या जाड आवाजात म्हटलं, "हे दहा हजार." म्हणजे वीस. एवढ्यावरच थांबले.

त्यांनी मान हलवली, माझी दोन बोटं धरली. "हे दहा हजार." मग आणखी एक बोट. "आणि हे हजार." एकवीस. एका झटक्यात एक हजार खाली! माझ्या पोटात आनंदाने उकळी फुटली, पण मी चेहरा दगडासारखा ठेवला. आता मला कळलं, आबा बाजारात तसे का दिसतात. त्यांना राग आलेला नसतो. आतून ते असेच उकळत असतात.

मी मान हलवली. पुन्हा दोन बोटं. वीस. त्याच्यावर काही नाही.

"आगं, माझं काय राहणार त्यात?"

"तोंडानं बोलायचं न्हाई, महावीर," आबा मागून म्हणाले. "बाजारात बोलत न्हाईत."

महावीरकाकांनी डोळे मिटले. मी वाट बघत राहिले. बोट हलवलं नाही, पापणीही नाही. फ्रिजवाला गृहस्थ बायकोला हळूच म्हणाला, "ही पोरगी आपला फ्रिज घेताना पाहिजे." बाईंनी त्याला कोपराने ढोसलं.

"दिलं," महावीरकाका म्हणाले.

"दिलं ते दिलंच," मी म्हटलं. "पण अजून एक राहिलंय."

"आता काय गं?"

"बाजारात दुभती म्हैस घेतली की तिच्याबरोबर रेडकू येतं. वेगळे पैसे पडत नाहीत त्याचे." मी काउंटरवरच्या सुट्या रिमोटकडे बोट केलं. "काळ्याचा दुसरा रिमोट. ते रेडकू."

सगळं दुकान हसलं. फ्रिजवाली बाई तर डोळे पुसत होती. महावीरकाकांनी कपाळाला हात लावला, मग तोच हात काउंटरवर आपटून ओरडले, "दिलं! रेडकासकट दिलं! आणि दोन जुन्या सीड्या माझ्याकडून, पास झाल्याच्या. आबा, ही तुमची नात अण्णांच्या वेळी असती तर शिंगमोडीच्या वेळी माझ्या बाचं काही खरं नव्हतं!"

आबांनी बंडीच्या आतल्या खिशातून पैसे काढून मोजले. मी यंत्राचा खोका दोन्ही हातांनी धरला. जड होता. मला त्याचा एक ग्रॅमही जाणवला नाही.

परतीच्या एस.टी.त खिडकीची जागा मिळाली. खोका मांडीवर. रस्त्यातला प्रत्येक खड्डा मी खोक्याच्या वतीने झेलत होते. गाडी कोल्हापूरबाहेर पडली तरी शेजारी बसलेले आबा बोलेनात, तेव्हा मला राहवेना.

"आबा, राग आलाय?"

"हात सोडायची पाळी आजवर आली न्हवती माझ्यावर."

"मी बोलले असते तर तुमची अब्रू गेली असती. म्हणून खूण केली."

"ते कळलं मला." मग त्यांनी विचारलं, "विसाला बोट हलवलं न्हाईस. का गं?"

"तुम्ही हलवत नाही म्हणून."

आबा खिडकीबाहेर बघायला लागले. मिशीत काहीतरी चाललं होतं त्यांच्या. हसत होते की काय होतं, मला दिसेना. मग गळा साफ करून म्हणाले, "तुझं कॉलेज कवा सुरू हुतंय?"

"अजून पंधरा-वीस दिवस आहेत."

"सोमवारी बाजाराला येतीस का माझ्यासंगं? पाटलाच्या म्हशीचा सौदा हाय. त्यो पाटील लई चिवट. त्याचं ऐकून घ्यायला जोडीदार पायजे."

मी खोक्याकडे बघितलं. सोमवारपर्यंत सगळे गेम लावून बघायचा माझा बेत होता. श्रद्धाला बोलवायचं होतं. दोन रिमोट होते, आणि आता यंत्र माझंच असल्यामुळे ती हरली आणि उठून गेली तरी खेळ थांबणार नव्हता.

"पण आबा, हा नवा आहे. मला ह्याच्याशी..."

"त्यो घरीच हाय की," आबा म्हणाले. "त्याला काय वैरण घालाय लागत न्हाई. तूच म्हणालीस."

सोमवारी मी गेले. बाजारात एकही बाई नव्हती. लोक बघत होते, हसतही होते. आबांनी पाटलाचा हात धरला, वर टॉवेल टाकला, आणि मग बाजूला सरकून माझ्यासाठी जागा केली.

आज तो टॉवेल माझ्या खांद्यावर असतो.